स्पितीचा गारठा आणि दोन टू-स्ट्रोक

नोव्हेंबर संपत आला असताना टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला निघालोय म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. चढेल का? आणि सकाळी सुरू होईल का? चढायची काळजी नव्हती, हळू का होईना चढतेच. सुरू होण्याचीही फार नव्हती. कॉम्प्रेशन चांगलं असेल आणि प्लगला निळी ठिणगी पडत असेल तर टू-स्ट्रोक उणे दहातही सुरू होतं, फक्त पायाला जास्त कष्ट पडतात. माझ्या डोक्यात घोळत होती ती सुरू झाल्यानंतरची पहिली पाच मिनिटं.

गाड्या दोन. माझी आरएक्स १३५, ऑफ-रोडसाठी बांधून घेतलेली: पुढे लांब शॉक, गुठळ्यांचे टायर, वर उचललेला सायलेन्सर. ऑइल पंप काढून टाकलाय, टूटी (टू-स्ट्रोकचं इंजिन ऑइल) पेट्रोलमध्येच मिसळायचं. मित्राची येझ्दी २५०, पॉइंटवाली, जुन्या कार्ब्युरेटरवर टिकलरचं बटण (दाबलं की जादा पेट्रोल सोडणारं) असलेली. माझ्या गाडीचा स्पार्क मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरताना स्वतःच तयार होणाऱ्या विजेवर चालतो, बॅटरी मेली तरी फरक पडत नाही. त्याची बॅटरी मेली की गाडी मेली. म्हणून रोज रात्री तो बॅटरी काढून पांघरुणात घेऊन झोपायचा आणि त्यावरून रोज रात्री आमचं तेच तेच बोलणं व्हायचं.

दिवस पहिला: शिमला ते नारकंडा

पासष्ट-एक किलोमीटर, मुद्दाम कमी. नारकंडा २,७०० मीटरवर आहे. दुपारी पोहोचलो, ऊन उतरताच पारा शून्याकडे घसरायला लागला. पुढे वर जाऊन करायची सगळी कामं इथे, बोटं चालतायत तोवर एकदा करून बघायची होती.

पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा, स्क्रू सोडला. पांढऱ्या झाकणात पेट्रोल घेतलं तर तळाशी पाण्याचे दोन थेंब वेगळे दिसले. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जसजसं गार पडतं तसतशी या मिश्रणाची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं. फोर-स्ट्रोकमध्ये यामुळे गाडी अडखळेल, बंद पडेल. टू-स्ट्रोकमध्ये प्रकरण गंभीर, कारण टूटी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि कॉकमधून आधी खाली जातो तो तेल नसलेला तळाचा थर. म्हणून बाऊल रोज संध्याकाळी रिकामा करायचा आणि टाकी रात्री शक्यतो भरलेली ठेवायची, म्हणजे आत ओली हवा कमी राहते. शिवाय बाऊलमधलं पाणी रात्री गोठलं तर जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या) तोंडाशी बर्फाचा खडा बसतो, आणि सकाळी माणूस प्लग बदलत बसतो.

गिअरबॉक्समध्ये निघण्याआधीच जाड २०डब्ल्यू-४० तेल काढून पातळ १०डब्ल्यू-३० भरलं होतं. मित्राने जाड तेलच ठेवलं. म्हणाला, "इतकी वर्षं याच्यावर चाललीये, काही होत नाही." बघू म्हटलं.

दिवस दुसरा: नारकंडा ते रेकाँग पिओ

सकाळी फार त्रास नाही. चोक लावला, चौथ्या किकला सुरू.

चोक म्हणतो खरं, पण मिकुनी पद्धतीच्या कार्बमध्ये तो हवा अडवणारा पडदा नसतोच. तो वेगळा छोटा मार्ग आहे, जादा पेट्रोल आत सोडणारा, आणि तो स्लाइड (थ्रॉटलने वर उचलली जाणारी झडप) बंद असेल तेव्हाच ओढतो. थ्रॉटल पिळून किक मारली की स्लाइडखालून हवा शिरते, त्या मार्गाचा ओढा जातो, चोक लावून न लावल्यासारखा. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून रस्त्याकडेला थ्रॉटल पिळत किकवर किक मारणारे दिसतात, त्यातल्या अर्ध्यांचा इलाज म्हणजे उजवा हात सोडून देणं. पूर्वतयारी म्हणून स्विच बंद ठेवून, चोक लावून तीन-चार सावकाश किक माराव्यात, क्रँककेसमध्ये मिश्रण भरतं. मग स्विच चालू.

नारकंड्याहून सतलजच्या काठापर्यंत रस्ता सुमारे १,७०० मीटर खाली उतरतो. चारचाकीला हा उतार म्हणजे आराम, टू-स्ट्रोकला दिवसातला सगळ्यात वाईट तुकडा. प्री-मिक्सवर, म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळलेल्या तेलावर चालणाऱ्या इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर. थ्रॉटल बंद करून, गिअरमध्ये ठेवून उतरलं की क्रँक चार हजारांवर फिरत असतो आणि पेट्रोल येत असतं आयडलपुरतं. म्हणजे फिरणं पूर्ण, तेल नावाला. म्हणून उतारावर दर काही सेकंदांनी क्लच दाबून थोडी रेस द्यायची, वेग ब्रेकने सांभाळायचा, इंजिनने नाही. ड्रम ब्रेक तापतात, मधे मधे थांबायचं.

याच उतारावर थंडीचं दुसरं काम चालू असतं. इंजिन काहीच ओढत नाही, समोरून गार वारा लागतोय, सिलिंडर पार थंड होऊन जातो. मग खाली सैंजच्या पुढे सपाटी येते, रस्ता मोकळा, मोह होतो. सकाळी पाच मिनिटं गाडी नीट तापवणारा माणूसही इथे सरळ थ्रॉटल उघडतो. इंजिनाच्या दृष्टीने ती पुन्हा सकाळच असते. आम्ही तळाला पोहोचल्यावर एक-दोन किलोमीटर तिसऱ्यात, थोड्या थ्रॉटलवर काढले.

रामपूर हजार मीटरवर आहे. तिथे जॅकेटची चेन उघडली, येझ्दी खुशीत आली. पुढे ज्युरी, वांगतू, करछम. धूळ, ट्रक, डोक्यावर लटकलेले कातळ. पिओला अंधारात पोहोचलो.

दिवस तिसरा: पिओ ते नाको

पोवारीच्या पंपावर दोन्ही टाक्या आणि एक कॅन भरला. यापुढे भरवशाचं पेट्रोल काझालाच.

तेल मिसळताना मित्राचा हात सैल पडला. "थंडी आहे, थोडं जास्त घालतो." हा समज इतका पसरलाय की गाडी बाजूला घेऊन बोलावं लागलं. तेल वाढवलं की इंजिनाला संरक्षण वाढतं हे एका मर्यादेपर्यंत खरं. पण जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. म्हणजे सीझ (पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून अडकणं) टाळायला घातलेलं जादा तेल गाडीला थोडं सीझच्या दिशेने नेतं, वर प्लगही काळा करतं. मी लिटरला ३० मिलीवर ठाम राहिलो, तेल जेएएसओ एफडी दर्जाचं (टू-स्ट्रोक तेलाची जपानी प्रतवारी). थंडीत मापापेक्षा मिसळणं महत्त्वाचं. गार तेल मधासारखं जाड होतं आणि सरळ तळाला जातं. बाटली जॅकेटच्या आत ठेवायची, आधी अर्ध्या पेट्रोलमध्ये तेल घालून कॅन हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल. थेट टाकीत तेल ओतून गाडी डावीउजवी हलवणं रामपूरला चालेल, नाकोला नाही.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता वळणावळणांनी का गावाकडे चढतो आणि तासाभरात नाको, ३,६०० मीटरच्या वर.

चढता चढता माझ्या गाडीचा आवाज जड झाला. मधल्या थ्रॉटलला बुडबुडल्यासारखी, वर जायला नाखूश. उंचीवर हवा विरळ, पेट्रोल तितकंच, म्हणजे मिश्रण ओलं. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि स्पितीला जाणाऱ्याला कोणीतरी सांगतंच की मुख्य जेट दोन-तीन पायऱ्या लहान टाक. तो सल्ला बहुतेक वेळा जूनमधला असतो. नाकोच्या उंचीवर जूनच्या दुपारी, २० अंशांना, एक घनमीटर हवेचं वजन साधारण ०.७७ किलो भरतं. त्याच जागी उणे नऊला ते ०.८५ होतं. दहा टक्क्यांहून जास्त फरक, फक्त तापमानाचा. समुद्रसपाटीला १५ अंशांना ते १.२२ असतं, म्हणजे नाकोला हवा विरळच, पण जूनमध्ये वाटते तितकी नव्हे. उंची मिश्रण ओलं करते, थंडी ते परत कोरडं करते, आणि इथेनॉल कोरडेपणात आणखी भर घालतं, कारण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते आणि जेट मात्र पेट्रोलच्या हिशोबाचा असतो.

म्हणून मी एकच पायरी खाली आलो. मुख्य जेट पाच नंबरांनी लहान, निडलची (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची) क्लिप जागेवर, एअर स्क्रू (आयडलच्या मिश्रणातली हवा ठरवणारा) पाव फेरा बाहेर. दुपारी थोडी ओली चालेल, चालू दे. पहाटेच्या हवेत ती बरोबर असली पाहिजे. मित्राने जेटला हात लावला नाही, क्लिप एक खाच वर घेतली.

संध्याकाळी गाड्या बंद करताना एक नियम: पोहोचल्यावर गरम असतानाच बंद, आणि मग सकाळपर्यंत हात नाही. रात्री "चालू होतेय का बघू" म्हणून अर्धा मिनिट सुरू करून बंद करणं हा थंडीतला सगळ्यात महागडा खेळ. जळण्यातून पाण्याची वाफ तयार होते, गार सिलिंडरवर आणि सायलेन्सरमध्ये ती पाणी होऊन बसते, इंजिन तापत नाही म्हणून उडत नाही. बेअरिंगवर गंज धरायला तेवढं पुरतं. शेवटचं काम म्हणजे किक हळूच दाबत पिस्टन वर आणून ठेवायचा, म्हणजे पोर्ट, सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, झाकले जातात.

दिवस चौथा: नाको ते ताबो

सकाळी साडेसातला खिडकीतल्या तापमापकावर उणे ९. सीटवर बर्फाची साय, केबल कडक, किकचा दांडा मधातून फिरवल्यासारखा.

ही सकाळ सविस्तर सांगतो, कारण पुढे काझापर्यंत रोज हेच केलं.

प्लग रात्री काढून खोलीत ठेवले होते, तंदूरपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) हातभर अंतरावर. कोमट प्लगवर पेट्रोल गोठल्यासारखं चिकटून बसत नाही. सिलिंडरवर आधी गरम पाण्याची रबरी पिशवी, वरून घोंगडी, दहा मिनिटं. मित्राला वाटत होतं उकळतं पाणी थेट फिन्सवर ओतावं. ओतू दिलं नाही. एका बाजूने एकदम तापलेल्या ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो, आणि ओघळलेलं पाणी मॅग्नेटोच्या झाकणापाशी जाऊन पाच मिनिटांत बर्फ होतं.

मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, मागे-पुढे ढकलायची. रात्रभर जाड तेलात बसलेल्या क्लच प्लेट एकमेकींना धरून ठेवतात. माझी दोन झटक्यांत सुटली. येझ्दी सुटेना. तिला सुरू करून पहिला टाकला असता तर घोड्यासारखी उडाली असती. ती सुटायला आम्हा दोघांना ढकलगाडी करावी लागली, आणि मी तेलाचा विषय काढला नाही. त्यानेच काढला.

टिकलर दाबताना एक सांभाळायचं. पेट्रोल बोटावर येतं, आणि उणे नऊला ते उडताना कातडीतली होती नव्हती ती ऊब घेऊन जातं. रबरी पातळ हातमोजे बरोबर ठेवा, लोकरीचे नकोत, ते पेट्रोल पितात.

माझी सहाव्या-सातव्या किकला सुरू झाली. इथून ती पाच मिनिटं.

पिस्टन अॅल्युमिनियमचा, लायनर लोखंडाचा. ५८ मि.मी.चा पिस्टन १०० अंशांनी तापला की साधारण ०.१२ मि.मी. फुगतो. लायनर तितकाच तापला तरी त्याच्या निम्म्यानेच. पण तो तितका तापतच नाही, कारण पिस्टनच्या डोक्यावर आग आहे आणि लायनरच्या पाठीवर उणे नऊची हवा. दोघांत मुळातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चार-पाच. सुरू झाल्या झाल्या मोठी रेस दिली तर पिस्टन झपाट्याने फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि फट संपते. यालाच कोल्ड सीझ म्हणतात. पिस्टन बाहेर काढून बघितला तर चार कोपऱ्यांत, पिनच्या भोकांच्या दोन्ही बाजूंना, उभे ओरखडे दिसतात. थंडी एकटी काही बिघडवत नाही. बिघाड होतो तो दोन धातूंच्या तापमानात अंतर पडल्याने, आणि ते अंतर वाढवणं किंवा आटोक्यात ठेवणं उजव्या मनगटावर असतं.

मी चोकवर अर्धा-एक मिनिट, थ्रॉटल न लावता. आवाज जड होऊ लागला की चोक काढायचा आणि आयडलच्या किंचित वर धरून ठेवायचं. सतत एकाच आवाजात. ते घूं-घूं करून रेस देणं, ज्यात टू-स्ट्रोकची सगळी मजा आहे, ते आत्ता नाही. तीन मिनिटांनी हातमोजा काढून फिन्सवर हात: कोमट, पण ठेवता येतो. आणखी एक मिनिट. हात ठेवणं नकोसं वाटलं की निघायचं. धुरावरून ठरवू नये, थंडीत वाफेचाच इतका असतो की काही कळत नाही.

याउलट पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या तापवणारे असतात. तेही मला पटत नाही. आयडलवर इंजिन धड तापत नाही, क्रँककेसमध्ये न जळलेलं पेट्रोल-तेल साठतं, प्लग काळा होतो, आणि निघताना पहिला चढ आला की ते सगळं एकदम वर येतं. उभ्याने चार-पाच मिनिटं आणि मग चालवत चार-पाच किलोमीटर, लहान गिअरमध्ये, एक तृतीयांश थ्रॉटलच्या आत. गिअरबॉक्स, चेन, शॉकमधलं तेल, टायर, हे उभ्याने तापणारच नाहीत.

शेजारी एक ट्रकवाला डिझेलच्या टाकीखाली पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवून बसला होता. डिझेलमधलं मेण थंडीत धरतं आणि फिल्टर तुंबतो, पेट्रोलला त्या तापमानाला असं काही होत नाही. त्याने आमच्या कॅनकडे पाहिलं, आम्ही त्याच्या जाळाकडे, आणि दोन्ही बाजूंनी एकही शब्द न बोलता आम्ही गाड्या तीसेक पावलं लांब नेल्या.

मलिंगच्या पुढे रस्त्यावर ओघळ आडवे गोठलेले. सकाळी पाणी कमी पण बर्फ, दुपारी बर्फ कमी पण पाणी. आम्ही दहानंतर गेलो. ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबून धरत शंभर-दोनशे मीटर जायचं, ड्रम आतून कोरडे होतात. ओले ठेवून गाडी लावली तर सकाळी ब्रेक-शू ड्रमला चिकटलेले सापडतात.

दिवस पाचवा: ताबो ते काझा

ताबोचा मठ इसवी सन ९९६चा. सकाळी तो बघितला, कारण गाड्या तापायला तसाही उन्हाचा वेळ द्यायचा होता. काझा पन्नासच्या आत, रस्ता बरा.

धनखरचा फाटा मागे पडल्यावर माझ्या गाडीने नवीन लक्षण दाखवलं. थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायला दोन-तीन सेकंद घेत होती. केबल अडकत नव्हती, स्लाइड टक् करून बसत होती. रेस लटकणं म्हणजे कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. काझापर्यंत ५०च्या वर गेलो नाही.

दिवस सहावा: काझा

फिरायचा दिवस होता, तो गाडीत गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मित्राला वाटलं असावं.

चोरटी हवा शिरायच्या जागा ठरलेल्या. कार्ब आणि सिलिंडरमधला रबरी मॅनिफोल्ड, सिलिंडरखालचं पॅकिंग, आणि क्रँकची दोन ऑइल सील. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअरचं तेल पितं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्समधली पातळी उतरते. माझी पातळी जागच्या जागी होती. मॅग्नेटोकडचं गेलं तर कोरडी हवा शिरते, तेलाचा मागमूस नाही. थंडीत ही सगळी रबरं आखडतात, कडक होतात, आणि उन्हाळ्यात धरून राहिलेली भेग गळायला लागते. गाडी गरम झाली की लक्षण कमी होतं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो.

आयडलवर ठेवून मॅनिफोल्डच्या बुडाशी कोमट पाण्याची पिचकारी मारली. रेस लगेच बदलली. बाहेर काढून वाकवला तर आतल्या अंगाला नखाएवढी चीर. सुटा मॅनिफोल्ड नव्हता. पेट्रोलने पुसून, तंदूरपाशी वाळवून, बाहेरून पेट्रोल सहन करणारं सीलंट, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून दोन क्लॅम्प. सीलंट थंडीत वाळत नाही, रात्रभर तो खोलीतच राहिला.

हात काळे झालेच होते तर बाकीचंही उरकलं. हेडचे नट थंड इंजिनावर, तिरक्या क्रमाने तपासले. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन कमी तेलाने परत बसवला. नेहमीइतकं चिकट तेल लावलं तर थंडीत ते कडक होऊन हवा अडवतं. थ्रॉटल केबलमध्ये पातळ तेल, कारण आत शिरलेलं पाणी गोठून थ्रॉटल उघडाच अडकला तर डोंगरात पुढे काय होतं ते सांगायला नको. येझ्दीचे पॉइंट घासून फट लावली. प्लगच्या नंबरचाही विचार झाला. एनजीकेमध्ये नंबर जितका लहान तितका प्लग गरम राहतो, बॉशमध्ये उलटं. थंडीत काळा पडणाऱ्या येझ्दीला एक नंबर गरम प्लग दिला. माझा बदलला नाही, तो तांबूसच होता.

दिवस सातवा: लांगझा, हिक्कीम, कोमिक

याच दिवसासाठी आलो होतो. काझा ३,६५० मीटर, कोमिक ४,५८७. लांगझाच्या पुढे सावलीच्या बाजूला गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ, मधे चाकोऱ्या, त्यात गोठलेला चिखल. येझ्दी लांगझाच्या वर आली नाही, वजनाने बसत होती. मित्र माझ्या मागे चालत, ढकलत, शिव्या देत.

टायरमधली हवा आदल्या रात्री पाहिली होती. खाली भरलेला टायर वर आला की मापकावर जास्त दाखवतो, कारण बाहेरचा दाब काझाला समुद्रसपाटीच्या तुलनेत पाचेक पीएसआयने कमी असतो. थंडी त्यातला थोडा परत घेते. बर्फासाठी अर्ध्यावर आणली.

बर्फात इंजिन थंड राहील असं वाटतं. तसं होत नाही. पहिला गिअर, वेग माणसाच्या चालीचा, इंजिन मात्र जीव तोडून ओढतंय. विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते. एका चढावर अर्धा तास गेल्यावर फिन्समध्ये अडकलेला बर्फ चर्र करून वितळला आणि थ्रॉटल उघडताना बारीक टिकटिक ऐकू आली. तिथेच थांबलो. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, बंद केली, दहा मिनिटं. मित्राने बर्फाचा गोळा उचलला होता, त्याला खाली टाकायला लावला. तापलेल्या सिलिंडरवर बर्फ म्हणजे नाकोचं उकळतं पाणी उलट्या बाजूने.

हिक्कीमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरच्या आसपास आहे. मित्राने स्वतःच्याच नावाने पत्र टाकलं.

कोमिकहून उतरताना पुन्हा नारकंड्याचा धडा, आणखी कडक. उतार मोठा, सूर्य कलला, हवा उणे सहा-सातवर. फिन्सच्या पुढे पुठ्ठ्याचा अर्धा पडदा तारेने बांधला, क्लच-रेस चालू ठेवली. मधल्या दोन छोट्या चढांवरही आधी मिनिटभर हलकं ओढून मगच थ्रॉटल दिला. पुठ्ठा खाली पोहोचताच काढायचा. विसरला तर दुसऱ्या दिवशी उन्हात तोच गाडी तापवतो.

मॅनिफोल्डची पट्टी टिकली. रेस टक् करून खाली येत होती.

परतीचा दिवस

काझाहून निघताना बाकी सगळं रोजच्यासारखं, फक्त मनात एक खूणगाठ: जेट. वर जाताना जेट लहान करायला विसरलात तर गाडी जड चालते, धूर काढते, प्लग काळा करते. त्रास, पण इंजिन जिवंत. खाली येताना मोठा करायला विसरलात तर उलट. हजार मीटरवर दाट हवा, लहान जेट, मिश्रण कोरडं, आणि गाडी आधी छान हलकी पळायला लागते. त्या हलकेपणाला भुलायचं नाही. पिस्टनला भोक पडण्याआधी तो तसाच पळतो.

नाकोच्या उतारावर हात लावला नाही, तिथून बराच वेळ थ्रॉटलच लागत नाही. स्पिलोला रस्त्याकडेच्या भिंतीवर फडकं पसरलं, कार्ब आडवा केला आणि जुना जेट परत बसवला, एअर स्क्रू पाव फेरा आत. मित्राने क्लिप एक खाच खाली घेतली, गरम प्लग काढून जुना लावला. चौथ्यात पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर नेऊन, स्विच आणि क्लच एकदम बंद करून प्लग बघितले. माझा विटकरी, त्याचा थोडा गडद. सायलेन्सर सोडून एक्झॉस्ट पोर्टमधून विजेरी मारली तर माझ्या पिस्टनवर काही नव्हतं. येझ्दीच्या एका बाजूला एक फिकट उभी रेघ होती, नख अडकत नव्हतं. ती आधीपासूनची की नाकोची, यावर पिओपर्यंत वाद चालला.

कॅनमध्ये दोन लिटर मिश्रण उरलं होतं. इथेनॉलचं पेट्रोल, त्यात आठवड्याचं तेल, रोज गारठून-तापून झालेलं. ते टाकीत घेतलं नाही. खाली रामपूरला पोहोचल्यावर चेन आणि फिन्स धुवायला वापरलं.